एक मात्रा कमी

मशीनवरची खोळ मी स्वतः काढली. मंदाला हात लावू दिला नाही.

खोळ म्हणजे हिच्या एका जुन्या अंजिरी पातळाची. काठ बरोबर समोर येईल असं बेतून हिने शिवली होती, चारी कोपऱ्यांना नाड्या. गाठी सोडताना आधी धूळ उडाली, मग शिकेकाईचा वास आला. खरंच आला की माझ्या नाकाने आणला ते मी सांगू शकत नाही. माणूस गेल्यापासून माझं नाक फार खोटं बोलायला लागलंय. खोळीखालून कॉम्प्युटर निघाला. आणला तेव्हा पांढरा होता, आता जुन्या दातांसारखा पिवळा पडलाय. की-बोर्डाच्या एका बटणावर कुंकवाचा डाग तसाच आहे.

"आबा, बसा तुम्ही. वायरी मी जोडते," मंदा म्हणाली. मंदा माझी एकुलती एक मुलगी. एका शाळेच्या ऑफिसात मराठी टायपिंग करते, कोथरूडला राहते आणि बोलते अगदी आईसारखी, म्हणजे माझं ऐकून न घेता.

"मी उभाच बरा."

"बरं, राहा उभे. झेंडावंदनच आहे."

आमची ही इमारत पाडून नवी बांधणार आहेत. मला मंदाकडे जायचंय. पाट, कपाट, पितळी डबे, सगळ्याचं वाटप झालं. कुठे काय गेलं ते मी विचारलंसुद्धा नाही. फक्त या मशीनपाशी अडून बसलो. हे भंगारात जाणार नाही, म्हटलं. मंदा म्हणाली, "मग निदान चालू तरी करू. माझ्या दोन खोल्यांत बंद मशीन ठेवायला मी काही म्युझियम काढलेलं नाही."

तसं ते बंद नाही. बटण दाबलं की आत पंखा घरघरतो, दिवा लागतो, काच उजळते. आणि मग ते दारातच उभं राहतं. काचेवर हिचं नाव इंग्रजीत येतं आणि त्याखाली एक पांढरी चौकट. चौकटीत गुप्त शब्द लिहायचा. तो लिहिल्याशिवाय आत घेत नाही. ही गेल्यावर मी मशीन रिक्षातून मांडीवर धरून दुरुस्तीच्या दुकानात नेलं होतं. दुकानदाराने खोलून पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "पासवर्ड नाही म्हणजे फॉरमॅट मारायचा काका. सगळं पुसायचं आणि नवीन सिस्टीम टाकायची." मी मशीन तसंच मांडीवर घेऊन परत आलो आणि खोळ चढवली.

लोकांना वाटलं, म्हातारा आठवणी पुसायला घाबरला. वाटू दे. मी घाबरलो होतो ते वेगळ्याच गोष्टीला. मंदा लग्न होऊन गेलेली. घरात माणसं दोन, ही आणि मी. मग हिने कुलूप लावलं ते कोणापासून?

हे मी कोणाला बोललो नाही. मंदालाही नाही. पण खोळीवरून रोज नजर गेली की तेच मनात येई.

मी तांबट. कसब्यातल्या आमच्या आळीत जन्मलो, तिथेच हातोडी धरली. शिक्षण चौथी पास. चौथीच, पण पास. तेव्हाची आळी कोणाला सांगायची तर ती कानानेच सांगावी लागते. सकाळी पहिली हातोडी पडली की चिमण्या उडायच्यासुद्धा नाहीत, इतक्या त्या सरावलेल्या. मग एकेका घरातून ठोके निघत. हंड्याचा खोल, ताम्हणाचा पातळ, बंबाचा पोटातून घुमणारा. प्रत्येकाची लय वेगळी. डोळे मिटून बसलं तरी आज कोण कामाला आला नाही ते कळायचं. भांडं घडून झालं की ते मठारायचं. म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके देत जायचं. भांडं बळकट होतं आणि त्याच्या अंगावर चांदण्या उठतात. मठारताना माणूस बोलत नाही. बोलला की चांदणी वाकडी पडते.

चिंचेच्या पाण्याचा वास, कोळशाचा वास, आणि तापल्या तांब्याचा, तो नाकाला कमी आणि जिभेला जास्त येतो. दिवाळीच्या आधी बंब आणि घंगाळं यायची, उन्हाळ्यात रुखवताची भांडी, श्रावणात ताम्हणं आणि पळ्या. आम्हाला ऋतू आभाळाकडे बघून कळत नसत, दारात काय येऊन पडलंय त्यावरून कळत. कल्हईवाला आला की नवसागराचा पांढरा धूर आळीभर पसरायचा आणि बायका पदर नाकाला लावून भांडी घेऊन बाहेर यायच्या.

माझं कामाचं खोपटं खाली, आमची खोली वर. वरच्या खिडकीत ही. माझा ठोका चालू आहे तोवर ही निवडणं-टिपणं करायची. ठोका थांबला की उठायची. बांगड्या वाजायच्या आणि मग वरून चहाच्या भांड्याचा आवाज. मी कधी चहा मागितला नाही. हिने कधी विचारला नाही. आमचं बरंचसं बोलणं असंच हातोडीने व्हायचं.

एकमेकांची नावं आम्ही कधी घेतली नाहीत. मी म्हणायचो, "ऐकलंस का." ही म्हणायची, "ऐकलंत का." तेवढ्यावर एक आख्खा संसार झाला.

मंदा सासरी गेली आणि हिने क्लास लावला. कॉम्प्युटरचा. ही सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढे, आणि ते तिने मला कधी विसरू दिलं नाही. क्लासमध्ये सगळ्या पोरी, आणि मधे नऊवारीतून पाचवारीवर आलेली ही. घरी येऊन सांगायची, "आज उंदीर धरायला शिकवला." मंदाच्या नवऱ्याने जुनं मशीन बदललं तेव्हा ते आमच्याकडे आलं. मशीनला हात लावण्याआधी ही हात धुवायची, पुसायची, चपला बाहेर काढायची. दुपारी जेवणं उरकली की वरून एक सूर यायचा. मशीन उघडताना वाजणारा. चार-पाच स्वर असतील, पाण्यात खडा पडून लाटा पसराव्यात तसे. खाली माझी हातोडी चालू असायची आणि त्यात तो सूर अलगद मिसळायचा. मी वर बघायचो नाही. पण त्या सुरानंतर माझा हात जरा हलका पडायचा, हे खरं.

दसऱ्याला हत्यारं पुजायची आमची रीत. हातोड्या, चिमटे, ऐरणी, सगळं धुवून पुसून मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. त्या वर्षी हिने मशीनही मांडलं. मी म्हटलं, "याला कशाला? हे काय हत्यार आहे?" तर म्हणाली, "तुमचं नसेल. माझं आहे." आणि की-बोर्डावर कुंकू लावलं. तो डाग.

पुढे माझा खांदा गेला. हात खांद्याच्या वर जाईना. हातोड्या पोत्यात बांधून मी माळ्यावर टाकल्या आणि घरात सांगून ठेवलं, यापुढे हातोडीचं नाव कोणी काढायचं नाही. ही म्हणाली, "बरं." एवढंच. त्या दसऱ्याला फूल फक्त मशीनला होतं.

तर मंदाने वायरी जोडल्या आणि मला समजावून सांगितलं. मशीन जुनं आहे. नवी सिस्टीम त्याच्यात पेन ड्राइव्हने शिरत नाही. सीडीच लागते. ती सीडीही साधी नाही, मशीन जागं होतानाच तिच्यातून चालू झालं पाहिजे अशी. तिला बूट होणारी डिस्क म्हणतात. "बुटाचा काय संबंध?" मी विचारलं. मंदा म्हणाली, "बुटाचा नाही, उठण्याचा. झोपेतून उठताना मशीन आधी कोणाचं ऐकणार, तो हा प्रश्न आहे." मला ते पटलं. आमच्याही घरात तोच प्रश्न असायचा.

कोऱ्या सीड्या आणायला मी गेलो. मंदा म्हणत होती ऑनलाइन मागवू. मी म्हटलं, कसब्यात मिळत नाही असं काही नाही. गेलो आणि फिरलो. स्टेशनरीवाला म्हणाला, संपल्या. कधी संपल्या विचारलं तर म्हणाला, "मी लहान होतो तेव्हा." मोबाईलवाल्याने तर मी काय मागतोय हेच दोनदा विचारलं. शेवटी कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत शिरलो. लग्नाचे फोटो काढणारा माणूस, आता तोही पिकलाय.

"सीडी? कसलं लग्न आहे आजोबा?"

"माझंच."

"मुहूर्त लांबलेला दिसतोय," म्हणाला आणि खालचा खण उघडला. आत हार घातलेल्या जोडप्यांची छापील पाकिटं पडली होती, रिकामी. त्याखाली दोन कोऱ्या सीड्या. "एके काळी प्रत्येक लग्नाच्या पंधरा-वीस करून द्यायचो. आता म्हणतात मोबाईलवर पाठवा. घेऊन जा दोन्ही. माझं मशीनही कुठे चालू आहे!"

घरी येईपर्यंत मी त्या सीड्या छातीशी धरल्या होत्या. ऊन लागू नये म्हणून.

मंदाने जावयाचा जुना लॅपटॉप आणला होता, त्याला सीडी घालायची फट होती. नवी सिस्टीम तिने आधीच त्यात उतरवून ठेवलेली. "आता बर्न करते," ती म्हणाली. बर्न म्हणजे जाळणं, इतकं इंग्रजी मला येतं. आमचा जन्म भट्टीपुढे गेला, पण जाळून काही लिहितात हे मी पहिल्यांदा ऐकलं. सीडी आत गेली, लॅपटॉप घूं घूं करायला लागला. मी वास घेत बसलो. काही नाही. थोड्या वेळाने फट उघडली, सीडी बाहेर आली. मी हातात घेतली. कोमट होती, नुकत्याच घासलेल्या वाटीसारखी. नाकाशी धरली. जळल्याचा वास नव्हता.

"आबा, द्या इकडे. ती खायची नसते."

सीडी मशीनमध्ये गेली. मंदाने बटण दाबलं आणि एका बाजूचं बटण टकटक टकटक दाबत राहिली. मी श्वास धरून उभा. काचेवर पांढरी अक्षरं धावली, आणि पुढे? पुढे काहीच नवीन नाही. तेच जुनं दार. हिचं इंग्रजी नाव आणि खाली पांढरी चौकट.

मंदाने कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. मी नुसती फाईल ठेवली सीडीवर. ती उलगडून जाळायला हवी होती, मग मशीनला वाचता येते."

"म्हणजे डबा दिला, पण झाकण उघडलं नाही."

"तसंच. एक सीडी वाया गेली. उरली एकच." मग वाया गेलेली सीडी तिने बाहेर काढली. "आबा, एक सांगू? दुसरी सीडी नीट झाली ना, की काही न पुसताही तिच्यावरून आत जाता येतं. पासवर्ड लागत नाही. आईचं आत काय असेल ते आधी बाहेर काढू, मग नवीन टाकू."

"मागच्या दाराने?"

"मागच्या म्हणा हवं तर."

"नाही."

"अहो, पण—"

"तिने पुढचं दार लावलंय. मी मागून शिरणार नाही. पुसायचं तर न बघता पूस."

मंदा माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीकडे बघत राहिलो. बाहेर कुठेतरी भिंत फोडायचं यंत्र चालू होतं. आमच्या आळीत आता ठोके असतात ते तेवढेच, आणि त्यांना लय नसते.

"कुलूप कोणापासून होतं, हे तुम्हाला बघायचं नाहीये," मंदा हळूच म्हणाली. तिला कसं कळलं? मी तर बोललो नव्हतो.

ती काचेकडे वळली. "हे काय आहे?" चौकटीच्या शेजारी एक बारीक प्रश्नचिन्ह होतं. इतकी वर्षं ते तिथेच असणार. मला काचेवरचं काही वाचता यायचं नाही, म्हणून मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नाही. मंदाने उंदीर नेऊन त्याच्यावर टिचकी मारली. एक पिवळी पट्टी उघडली, तिच्यात एक शब्द.

"ही खूण आहे आबा. पासवर्ड विसरला तर आठवावा म्हणून आपणच लिहून ठेवायची असते. आईने लिहिलंय, तांदूळ."

"तांदूळ?"

"इंग्रजी अक्षरांत, पण तांदूळच." आणि मंदा एकदम कामाला लागली. आंबेमोहोर लिहिला. नाही. इंद्रायणी. नाही. कोलम, चिमणसाळ, बासमती. "बासमती आपल्याकडे कधी होता?" मी म्हटलं. "तुमच्याकडे नव्हता, आईच्या मनात असेल," ती म्हणाली. मग भाताचे प्रकार निघाले. मसालेभात, दहीभात, साखरभात, खिचडी. मशीन प्रत्येक वेळी नको म्हणायचं. मग मंदाने आईचं नाव लिहिलं, शैलजा, दोन-तीन तऱ्हांनी. नको. माझं लिहिलं. नको. स्वतःचं लिहिलं, तेव्हा मात्र जरा थांबून. तेही नको.

"जाऊ दे," ती म्हणाली. "दुसरी सीडी करायला घेते. तुम्ही म्हणाल तसंच, न बघता."

लॅपटॉप परत घूं घूं करायला लागला. मी शेवटी खाली बसलो. आणि मला तांदूळ दिसायला लागले.

सासवडला लग्न होतं आमचं. ताम्हण मी स्वतः मठारलेलं, काठाला वेल. लग्नात नवऱ्याने नवरीचं नवं नाव तांदळात लिहायचं असतं, अंगठीने. हिचं माहेरचं नाव हौसा. माझ्या थोरल्या बहिणीने नवं नाव काढलं होतं, शैलजा. चार दिवस ते माझ्या कानात होतं, पण हातात नव्हतं. भटजींनी ताम्हणात तांदूळ पसरले. नवे आंबेमोहोर, वास मांडवभर. मी अंगठी धरली आणि लिहिलं. जपून लिहिलं. मान वर केली तर भटजी वाकून बघतायत. "वर एक मात्रा राहिली," ते म्हणाले, "हे शेलजा झालं. द्या अंगठी, मी देतो." मागे हिच्या चुलत्या हसल्या. एकजण म्हणाली, "राहू दे गं, चौथी पास आहे."

भटजींनी हात पुढे केला. मी अंगठी मुठीत धरली. म्हटलं, "राहू द्या. मी लिहिलं तेच नाव."

ही खाली मान घालून शेजारी बसलेली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडली. मांडव सोडायच्या आधीच रडवली मी हिला. मग मुंडावळ्यांच्या आडून तिने जरा वर पाहिलं. रडत नव्हती, हसत होती. हसू दाबून दाबून तिचे डोळे भरले होते.

कागदावर सगळीकडे शैलजाच लागलं. रेशन कार्डवर, बँकेत, दवाखान्यात. शेलजा फक्त त्या ताम्हणात होती, आणि ते तांदूळ तर दुसऱ्या दिवशी शिजलेसुद्धा. पण हिने ते सोडलं नाही. आमटीला चव कमी पडली की म्हणायची, "एक मात्रा कमी पडली वाटतं." मी रुसलो की म्हणायची, "जन्माची मात्रा कमी माणसात." समोर मंदा असली तरी म्हणायची, आणि मंदाला काही कळायचं नाही.

"मंदे, तुझी आई मात्रा म्हणायची, आठवतं?"

"औषधाची ना? माझ्या मनात कायम बाळगुटीच यायची. मला वाटायचं तुम्हाला कसलातरी आजार आहे."

मी तिला सांगितलं. ताम्हण, अंगठी, भटजी. तिने ते कधीच ऐकलं नव्हतं. ती बघतच राहिली, मग की-बोर्डाकडे सरकली. "शे," मी म्हटलं. "शै नाही, शे. शेलजा. जसं ऐकू येतं तसं." तिने लिहिलं. बोट शेवटच्या बटणावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दाब," मी म्हटलं.

आणि तो सूर वाजला.

पाण्यात खडा पडून लाटा पसरल्यासारखा. खोलीत काहीच नव्हतं, कपाट नाही, पाट नाही, रिकाम्या भिंतींनी तो घुमवला. माझा उजवा हात आपोआप वर उठला, खांद्यापर्यंत आला आणि तिथे अडकला. मी तो खाली घेतला.

मी भिंतीकडे तोंड केलं. "तू बघ. मला सांगू नकोस."

मंदा बराच वेळ टिचक्या मारत होती. मग म्हणाली, "आबा, काही नाही हो. पत्त्यांचा खेळ आहे, अर्धा टाकलेला. माझ्या बाळाच्या बारशाचे फोटो आहेत. आणि एक आवाजाची फाईल आहे. लावू?"

उत्तराची वाट न बघता तिने लावली.

ठक. ठक. ठक ठक. ठक.

माझी हातोडी. ताम्हणावर. कुठलीही असती तरी ओळखली असती, तिसऱ्या ठोक्याला मनगट जरा लांबतं ते माझंच. खिडकीतून घेतलेली असणार, मधेच खालून सायकलची घंटी वाजली. मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. मला माझी हातोडी नको होती, मी तिच्यामागे कोणी बोलतंय का ते शोधत होतो. श्वास तरी. ही तिथेच बसली असणार, आवाज होऊ नये म्हणून अंग चोरून. ठोके चालत राहिले, मग थांबले. मी वाट पाहिली. बांगड्या वाजल्या. खुर्ची सरकली. लांबून चहाचं भांडं. आणि फाईल संपली.

एक शब्द नाही.

तिने कुलूप लावलं ते यासाठी का? मी नाव काढू नका म्हणालो, म्हणून माझ्यापासूनच लपवलं? की क्लासमध्ये सगळ्या पोरींना करायला लावलं आणि हिनेही केलं, इतकंच? किल्ली तर तिने माझ्याच हातात ठेवली होती, माझ्या हाताखेरीज कोणाच्या हातात नव्हती. मग दार का लावायचं? आणि लावलंस तर मला एकदा म्हणायचं, ऐकलंत का. मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस? मी तरी कुठे विचारलं.

मंदाने आवाज आणि फोटो काढून घेतले, लॅपटॉपवर आणि वर पेन ड्राइव्हवरही. तोवर दुसरी सीडी कोमट होऊन बाहेर आली होती. ती हातात धरून मंदा म्हणाली, "आता नवीन टाकायलाच हवं असं नाही आबा. ठेवायचं असंच?"

मी विचार केला. कल्हई लावायच्या आधी भांड्याचा तळ कोऱ्या तांब्यापर्यंत खरवडतात. जुनं काही चिकटून राहिलं तर कथील धरत नाही. बायका कधी कधी म्हणायच्या, जरा हळू घासा हो, सासूबाईंच्या वेळचं आहे. पण न घासता कोणी परत नेलं नाही. भांडं वापरायचं असतं.

"टाक," मी म्हटलं.

या वेळी मशीनने सीडीचं ऐकलं. काच काळी झाली, मग निळी, आणि तिच्यावर अक्षरं आली. मी पुढे वाकलो. मराठी होती. इतकी वर्षं हे मशीन घरात, पण माझ्याशी ते पहिल्यांदा मराठीत बोललं. मी बोट ठेवून वाचलं, "या डिस्क-वरील... सर्व... माहिती... नष्ट... होईल." खाली दोन चौकटी, रद्द करा आणि पुढे चला. मंदाने माझं बोट धरून योग्य बटणावर नेलं. दाबलं मी.

एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. तिला आवाज नव्हता. आम्ही दोघं बघत बसलो, कल्हईवाल्यापुढे बायका बसतात तशी.

मग मशीनने विचारलं, तुमचं नाव काय?

मंदाने माझ्याकडे न बघता टाईप केलं. तिची बोटं भराभर चालतात. शैलजा. अगदी शुद्ध.

"एक मात्रा काढ," मी म्हटलं.

"चुकेल ना मग."

"मी लिहिलं तेच नाव."

मंदाचे खांदे हलायला लागले. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, या वेळी हसू आहे की रडू ते मला बघायचं नव्हतं. तिने पुसलं आणि परत लिहिलं. मी वाकून वाचलं. शे. ल. जा. तांदळात होतं तसंच.

"आणि पासवर्ड?" नाक ओढत तिने विचारलं.

"नको."

"ठेवा ना काहीतरी. तांदूळ ठेवू?"

"नको म्हटलं ना. दार लावायला घरात दुसरं माणूस लागतं."

मशीन बंद झालं आणि पुन्हा उठलं. नव्या सिस्टीमला सूर नव्हता. काचेवर नाव आलं आणि दार आपोआप उघडलं. बाहेर भिंत फोडणारं यंत्र थांबलं होतं. त्या शांततेत मी कान लावून उभा राहिलो, आतून बांगड्या वाजतात का म्हणून.

मग मंदा उठली आणि चहा टाकायला गेली.